गिअरबॉक्स अपग्रेडच्या नावाखाली झालेली फसवणूक

टर्बो इंजिनाची ताकद वाढवून घेणाऱ्या बहुतेकांना पुढे गिअरबॉक्सकडे वळावेच लागते, आणि गिअरबॉक्सचे काम बंद झाकणाआड होत असल्यामुळे तिथे ग्राहकाला फसवणे फार सोपे असते. याच कामात नाव कमावलेल्या एका वर्कशॉपने माझ्याकडून नव्या, मजबूत क्लच पॅकचे (क्लचच्या प्लेट्सच्या संचाचे) पूर्ण पैसे घेतले आणि कारखान्यातून आलेले जुनेच क्लच आत ठेवून गाडी परत दिली. हे त्यांनी कसे लपवले आणि कशामुळे उघडकीस आले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण आणखी एका ग्राहकाच्या बाबतीत हाच प्रकार घडल्याचे मला नंतर कळले.

माझ्या गाडीत फोक्सवॅगन समूहाचा डीक्यू २५० हा सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. २००३ मध्ये गोल्फ आर३२ या गाडीतून रस्त्यावर आलेल्या या गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच तेलात चालतात. एक क्लच विषम क्रमांकाचे गिअर सांभाळतो आणि दुसरा सम क्रमांकाचे. कंपनीने त्याची टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, झेलण्याची क्षमता ३५० न्यूटन मीटर ठरवलेली आहे, आणि दोन लिटरच्या टर्बो इंजिनाचे नुसते सॉफ्टवेअर बदलले तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यावर दोन उपाय आहेत. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचे सॉफ्टवेअर बदलून टॉर्कची मर्यादा वर उचलायची आणि क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब वाढवायचा, हा पहिला. अधिक ताण सोसणारे क्लच पॅक बसवायचे आणि मग त्यांना साजेसे सॉफ्टवेअर घालायचे, हा दुसरा. पहिल्या उपायात गैर काहीच नाही; माफक वाढीसाठी तो पुरतो. मात्र त्यात गिअरबॉक्स उघडावा लागत नाही आणि खर्च दुसऱ्याच्या मानाने थोडा येतो. मी दुसऱ्या कामाचे पैसे दिले आणि माझ्या गाडीवर पहिले काम झाले.

ही फसवणूक इतकी बेमालूम का होते, हे नीट समजून घ्यायला हवे. दाब वाढवणारे सॉफ्टवेअर घातले आणि सोबत तेल व फिल्टर बदलला, की गाडी खरोखरच बदललेली जाणवते. गिअर अधिक झपाट्याने आणि ठामपणे पडतात. चालवणाऱ्याला वाटते की नवे क्लच काम करत आहेत, आणि टेस्ट ड्राइव्हनंतर तो समाधानाने पैसे चुकते करतो. आतल्या जुन्या फ्रिक्शन प्लेट्स (घर्षणाने पकड देणाऱ्या क्लचच्या चकत्या) मात्र वाढलेला टॉर्क काही काळच झेलतात. गाडी हातात आल्यावर कशी चालते, यावरून आत कोणते क्लच आहेत हे मुळीच सिद्ध होत नाही.

काम देताना मी बिलावर किट बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि पार्ट नंबर मागितला होता. आयात मालाचे तपशील बिलावर लिहीत नाही, ते वॉरंटी कार्डावर येतील, असे सांगण्यात आले. ते कार्ड कधीच आले नाही. जुने क्लच मागितले तर ते किट पुरवणाऱ्याकडे परत पाठवावे लागतात, असे उत्तर मिळाले. जुना भाग परत घेऊन नवा देण्याची पद्धत या व्यवसायात खरोखर आहे, म्हणून ते पटण्यासारखे होते. पुरावा म्हणून टेबलावर मांडलेल्या नव्या क्लच पॅकचे छायाचित्र पाठवण्यात आले. त्यात माझ्या गाडीची किंवा माझ्या गिअरबॉक्सच्या क्रमांकाची कोणतीही खूण नव्हती, आणि नेमके तेच छायाचित्र दुसऱ्या ग्राहकाकडेही गेलेले मी पुढे स्वतः पाहिले.

काही महिन्यांनी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा काटा झपकन वर जाई आणि गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नसे. क्लच घसरल्याचे हे ठळक लक्षण आहे. वर्कशॉपने आधी सांगितले की नव्या प्लेट्स वापराने अजून नीट बसायच्या आहेत, नंतर तेलाला दोष दिला, आणि शेवटी लॉन्च कंट्रोलच्या (उभी गाडी एकदम पूर्ण जोराने सोडण्याच्या सोयीच्या) अतिवापराचे खापर माझ्यावर फोडले. नव्या प्लेट्सना बसायला वेळ लागतो, चुकीच्या तेलाने क्लच घसरतो आणि लॉन्च कंट्रोलने झीज होते, या तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. खऱ्या माहितीच्या आधारे खोटे बोलणाऱ्या जाणकारासमोर सामान्य ग्राहक किती हतबल होतो, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या वर्कशॉपने आधी काहीही न उघडता स्कॅनर लावून गाडी चालवली. क्लचची पकड पूर्ण असताना इंजिनाचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (क्लचकडून जोर आत नेणाऱ्या दांड्याचा) वेग सारखा असायला हवा. इथे जोर देताच दोन्हींत मोठी तफावत पडत होती. काढलेले तेल काळे पडले होते आणि त्याला जळका वास होता. यानंतर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी मी पहिल्या वर्कशॉपला लेखी कळवून तिथे हजर राहण्यास सांगितले, आणि हे पाऊल माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरले. त्यांच्याकडून कोणी आले नाही. क्लचवरचे झाकण कधी काढल्याची खूण नव्हती. ते काढताना सहसा खराब होते, म्हणून क्लच बदलणारा तिथे नवे झाकण बसवतो. आतल्या क्लचवर कारखान्याचाच पार्ट नंबर होता आणि प्लेट्स जळून काळ्या झाल्या होत्या. प्रत्येक टप्प्याचे चित्रीकरण करून लेखी अहवाल घेतला. तरीही पहिल्या वर्कशॉपने, दुसऱ्यांनीच भाग बदलले असतील, असा आरोप केला. मात्र आधीच पाठवलेल्या पत्रामुळे आणि सलग चित्रीकरणामुळे त्या आरोपात काही दम राहिला नाही. पैसे अजून परत मिळालेले नाहीत आणि तक्रार चालू आहे.

असे काम देणाऱ्यांनी किटचा पार्ट नंबर, गिअरबॉक्सचा क्रमांक आणि जुने क्लच दाखवण्याची अट कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्यावी. त्याबरोबर मोजमापांची नोंदही मागावी. या गिअरबॉक्समध्ये नवा क्लच बसवताना डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) अंतर मोजून योग्य जाडीची सर्क्लिप (क्लच जागेवर धरणारी कडी) निवडावी लागते आणि शेवटी स्कॅनरवरून क्लचची बेसिक सेटिंग, म्हणजे कंट्रोल युनिटला नव्या क्लचशी जुळवून घेण्याची प्रक्रिया, करावी लागते. ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्याकडे हे आकडे असतातच. ज्यांच्या गाडीत घसरण्याची लक्षणे आधीच दिसू लागली आहेत, त्यांनी पूर्ण ॲक्सिलरेटर देणे ताबडतोब थांबवावे, कारण जळालेल्या प्लेट्सचा गाळ तेलाबरोबर मेकाट्रॉनिक युनिटच्या (तेलाच्या दाबाने क्लच आणि गिअर चालवणाऱ्या भागाच्या) व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो आणि नुकसान क्लचपुरते राहत नाही. तेल बदलावे लागलेच, तर जुन्या तेलाचा नमुना आणि काढलेला फिल्टर, तारीख व किलोमीटर लिहून, सीलबंद करून स्वतःजवळ ठेवावा.