उघडी केस की बंद गल्ला? रस्त्यावर वाजवणाऱ्यांनी बक्षिसी कशी सांभाळावी

सोलापुरात संध्याकाळी कंबर तलावाच्या काठी किंवा पार्क चौकाच्या आसपास वाद्य घेऊन बसायचं ठरवलं, की बक्षिसीसाठी समोर काय ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं. व्यवहारात दोनच पर्याय उरतात. वाद्याची केस उघडी ठेवायची, नाहीतर फट असलेला कुलूपबंद गल्ला ठेवायचा. क्यूआर कोड दोन्हींबरोबर चालतो, म्हणून त्याचं नंतर बघू. हार्मोनियमलाही आपण पेटीच म्हणतो, तेव्हा घोळ नको म्हणून इथे वाद्याची ती ‘केस’ आणि पैशाचा तो ‘गल्ला’.

दोन्ही वापरून झालेलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण उघड्या केसची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कमजोर नाही.

केसमध्ये पैसा दिसतो आणि पैशाकडे पैसा जातो. चालता चालता माणूस न थांबता नाणं टाकू शकतो. लहान मुलांना आईबाप दहाची नोट हातात देऊन पुढे पाठवतात. त्या मुलाला केस कळते, फट सापडत नाही. गिटारच्या केसचं उघडं झाकण वाऱ्याच्या बाजूला केलं तर आडोसाही होतो. शिवाय वेगळं काही वाहून न्यावं लागत नाही.

आता चोरीकडे वळू. मूठभर नोटा उचलून पळणारं पोरगं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. तसं होतं, पण माझ्या अंदाजाने त्याहून जास्त पैसा शांतपणे जातो. पहिली वाट सुट्ट्यांची: माणूस वाकतो, पन्नासची टाकतो आणि शंभरची टाकल्यासारखं दाखवून ऐंशी-नव्वद उचलून घेतो. तुम्ही अंतऱ्यात असता, हिशोब करायला डोकं रिकामं नसतं. दुसरी वाट वाऱ्याची. एप्रिल-मे महिन्यांत वळवाआधी जो वारा सुटतो त्यात नोटा उडतात आणि ज्याने उचलली त्याची होते. तिसरी वाट आवराआवरीची, आणि सर्वांत मोठा फटका तिथेच बसतो. शेवटचं गाणं संपतं, लोक पांगतात, तुम्ही पाठ करून वायरी गुंडाळत असता आणि दिवसभराची कमाई उघड्यावर पडलेली असते.

केसच वापरायची असेल तर या तिन्हींवर उपाय आहेत. केस पायाच्या पंजापासून हातभर अंतरावर ठेवावी, त्याहून लांब नाही. आत अंथरायला सोलापुरी चादर नको. भावना समजते, पण जकार्डच्या ठसठशीत नक्षीत नोटा हरवून जातात आणि किती जमलेत याचा नजरेला अंदाज येत नाही. गडद, साधं कापड बरं. नोटांवर दोन चपटे दगड ठेवावेत. सुरुवातीला भवानी म्हणून दोन दहाच्या आणि एक वीसची नोट स्वतःच टाकावी, आणि दर दोन गाण्यांनी पन्नासच्या वरचं सगळं काढून घ्यावं. तेही सूर लावण्याच्या निमित्ताने खाली वाकून, नोट दुमडून. मोजत बसलेलं दिसलं की समोरचा खिशातला हात बाहेर काढत नाही. केसमधून सुट्टे घ्यायचे नाहीत हा नियम मात्र ठाम ठेवा. कुणी मागितले तर गाणं थांबवून स्वतःच्या हाताने द्या. आणि आवरताना सगळ्यांत आधी पैसे उचला, मग वाद्य, मग वायरी.

हे सगळं काटेकोर केलं तर केसमधली चोरी बरीच आटोक्यात येते. तरीही मी केस सोडली, आणि ती चोरीच्या रकमेमुळे नव्हे, नजरेमुळे.

केस उघडी असली की डोळा तिच्यावर जातो. ठरवलं तरी थांबत नाही. बासरीवर मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, डोळे आपसूक मिटायला हवेत, ते मिटत नाहीत. गिटारवर बार कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या त्या) जाताना डाव्या हाताकडे बघायचं असतं, तेव्हा नजर खाली असते. कुणी नेमका समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर वाकतो, आणि तो टाकतोय की उचलतोय हे बघण्यात सम अर्ध्या मात्रेने मागे पडते. ढोलकीवाला सांभाळून घेतो. ऐकणाऱ्याला कदाचित कळतही नाही, पण वाजवणाऱ्याला कळतं, आणि तासभर असं वाजवलं की मान आणि मन दोन्ही आखडतं. त्याहून वाईट म्हणजे हे समोरच्याला दिसतं. गाणाऱ्याची नजर आपल्यावर आहे की पैशावर, हे माणसाला लगेच कळतं. उघडी केस जास्त कमावते म्हणतात त्यातला काही भाग या नजरेपायी परत जात असावा असं मला वाटतं. मोजमाप करून सांगत नाही, पण गल्ल्यासमोर वाजवताना लोक जास्त वेळ थांबतात असा माझा अनुभव आहे.

गल्ल्याने नजर मोकळी होते. अर्थात गल्ला चांगला बनवला तरच. वाईट गल्ला केसपेक्षाही ताप देतो, म्हणून मापं सविस्तर देतो.

बाहेरून दहा इंच रुंद, आठ इंच उंच, सात इंच खोल. पाच बाजू 12 मिलिमीटर प्लायच्या आणि लोकांकडची समोरची बाजू 5 मिलिमीटर पारदर्शक ॲक्रिलिकची, खाचेत बसवलेली. पैसा दिसणं हा केसचा मोठा गुण होता, तो इथे ॲक्रिलिक भरून काढतं. नावाच्या पाट्या करणारे हवा तसा तुकडा कापून देतात. पूर्ण ॲक्रिलिकचा गल्ला सुंदर दिसतो, पण त्याचे कोपरे नुसते चिकटवलेले असतात. एकदा पडला की सांधा सुटतो.

फट वरच्या बाजूला, 80 मिलिमीटर लांब आणि 8 मिलिमीटर रुंद. नव्या नोटांत 500 ची नोट 150 बाय 66 मिलिमीटर आणि 10 ची 123 बाय 63, म्हणजे कोणतीही नोट उभी सरळ आत जाते, चार घड्या घातलेलीही जाते. 10 आणि 20 रुपयांची नाणी 27 मिलिमीटर व्यासाची आहेत, त्यांनाही अडचण नाही. फट दहा मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका, बारीक बोटं आत जातात.

बोटं थांबली तरी काडी थांबत नाही. दानपेट्यांतून पैसे काढायची जुनी युक्ती म्हणजे पट्टीच्या टोकाला डिंक किंवा चिकटपट्टी लावून नोट वर ओढायची. त्यावर उपाय म्हणून फटीच्या खाली दीड इंचावर आतून एक उतरती पट्टी बसवतात, म्हणजे वरून सरळ तळापर्यंत काही पोचत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. उतार 45 अंशांहून कमी ठेवला तर कोरी करकरीत नोट वळत नाही, मध्येच अडते आणि तिचं शेपूट फटीतून बाहेर राहतं. ती कुणीही ओढून नेतो. उतार साठ अंशांच्या आसपास ठेवा, पट्टीवर सनमायका लावा आणि पट्टीचं टोक व मागची भिंत यांत दोन इंच मोकळे सोडा. कोरड्या हवेत नोटा ॲक्रिलिकला आतून चिकटून बसतात. वाजवायला बसण्याआधी ओलसर फडक्याने आतली बाजू पुसली की पुरतं. तळाला जाड कापडाचा तुकडा टाका, नाहीतर प्रत्येक नाणं विलंबित लयीत वेगळीच टाळी देतं.

दार मागच्या बाजूला, तुमच्याकडे तोंड करून. बिजागरीचे स्क्रू आतून हवेत. भारी कुलूप आणि बाहेरून स्क्रू दिसणारी बिजागरी असेल तर नाण्यानेही दार उघडतं. कुलूप 25 मिलिमीटरचं पुरे.

राहिला प्रश्न अख्खा गल्लाच उचलून नेण्याचा. इथे शहाबादी फरशी कामाला येते. फूट बाय फूट, एक इंच जाडीची फरशी साधारण सहा किलोची असते. तिला चार भोकं पाडून 6 मिलिमीटरच्या बोल्टने गल्ल्याचा तळ आवळायचा, नट गल्ल्याच्या आत, खाली रुंद वायसर. भोकं पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर फरशी तडकते. एकूण वजन आठ किलोच्या आसपास जातं, ते स्कूटरच्या पायाजवळ बसतं. धावत आलेलं पोरगं एवढं ओझं घेऊन फार लांब जात नाही. मोठ्या माणसाचा भरवसा नाही, म्हणून सायकलच्या वायर-लॉकने गल्ला कठड्याला किंवा स्वतःच्या स्टुलाला बांधा. माइकच्या स्टँडला नको. स्टँड गल्ल्यासकट जातो.

गल्ल्याचे तोटेही आहेत. वजन आहे, सुताराचा खर्च आहे, लहान मुलांना फट दाखवावी लागते, म्हणून फटीभोवती पिवळा पट्टा रंगवा. आणि घाईतला माणूस थांबत नाही, म्हणून सात रस्त्यासारख्या धावत्या चौकात केसच जास्त देईल हे मला मान्य आहे.

पण चार जणांचा गट असेल तर गल्ल्याचा आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल लोक बोलायला संकोचतात. उघड्या केसमधून दर दोन गाण्यांनी पैसे कोण काढतो, कोणाच्या खिशात जातात, यावरून चांगले गट मोडतात. कुणी काही घेतलेलं नसतानाही मोडतात. गल्ला एकाने घरी न्यावा, किल्ली दुसऱ्याकडे असावी आणि उघडताना सगळे हजर असावेत. मधल्या सुट्टीत रस्त्यावर गल्ला उघडायचा नाही.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र केस आणि गल्ला, दोन्ही नकोत. त्या गर्दीत जमिनीवर ठेवलेलं काहीच आपलं राहत नाही. वासुदेव झोळी खांद्याला का अडकवतो हे तिथे समजतं. तेवढ्यापुरती झोळी किंवा घरच्या माणसाच्या हातातली थाळी बरी. थाळी फिरवताना तोंडाने मागू नका, कारण 1959 च्या भीक-प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाण्याच्या निमित्ताने पैसे मागणंही येतं आणि घेणंही. गल्ला मुका असतो, तो निदान मागत तरी नाही.

क्यूआरची चोरी वेगळी: तुमच्या कोडवर कुणी आपला कोड चिकटवतो आणि सगळी संध्याकाळ पैसे त्याच्याकडे जातात. कोड ॲक्रिलिकच्या आतून लावला तर वरचं चिकटवणं लगेच नजरेत येतं. सुरू करण्याआधी आणि प्रत्येक सुट्टीनंतर स्वतः स्कॅन करून नाव तपासा. यूपीआय आयडीत मोबाइल नंबर ठेवू नका, विशेषतः मुलींनी. नंबर नसलेला आयडी करता येतो. आवाज देणारा डबा मी लावणार नाही, तो आलापाच्या मध्ये रक्कम पुकारतो. ‘चुकून पाचशे आले, परत पाठवा’ म्हणणाऱ्याला बँक खात्यात रक्कम दिसल्याशिवाय काही पाठवू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कुणी पिन टाकायला सांगितलं तर फोन खिशात घाला. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करा.

रोख चोरीला गेली तर पोलिसांकडून काय अपेक्षा ठेवायची हेही आधीच माहीत असावं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे, आणि 5000 रुपयांहून कमी किमतीची चोरी सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अदखलपात्र धरली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एका संध्याकाळची बक्षिसी क्वचितच त्या आकड्याच्या वर जाते. तक्रार जरूर नोंदवा, पण पैसा परत येईल असं धरून चालू नका. स्पीकर लावत असाल तर त्याची लेखी परवानगी जवळ ठेवा, तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न तिचाच येतो.

एकट्याने, धावत्या चौकात, तासाभरासाठी वाजवणार असाल तर केस घ्या आणि पैसे वरचेवर काढत राहा. लोक उभे राहून ऐकतात अशा ठिकाणी, आणि गट असेल तर कुठेही, मी गल्ला घेईन. गल्ला ठेवल्यावर केस बंद करून पाठीमागे ठेवायला विसरू नका; ती उघडी समोर राहिली तर लोक सवयीने तिच्यातच टाकतात आणि नजर पुन्हा खाली जाते.