जुन्या लेथला नवा चक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मायफोर्ड एमएल ७ लेथला १०० मिमीचा तीन जॉचा नवा चक, म्हणजे घडवायची वस्तू (जॉब) तीन जबड्यांत धरून फिरवणारा भाग, बसवून नऊ महिने झाले. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसलो असतो, तर हा चक कोणीही घेऊ नये, एवढे एकच वाक्य लिहून थांबलो असतो. आज ते वाक्य मी लिहिणार नाही. चकबद्दलचे माझे मत पूर्ण बदलले आहे. त्याच्यासोबत आलेल्या तयार बॅकप्लेटबद्दलचे, म्हणजे चक लेथच्या फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) बसवणाऱ्या चकतीबद्दलचे, मात्र बदललेले नाही, आणि म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्या बॅकप्लेटविषयीच आहे.

जुना चक अचानक गेला असे म्हणता येणार नाही. त्याचे जॉ पुढच्या टोकाला फाकले होते, त्यामुळे जॉब फक्त मागच्या बाजूला धरला जाई आणि पुढे मोकळाच राही. बारीक गजावर ०.१५ मिमी रनआउट, म्हणजे फिरताना गजाचा दिसणारा हेलकावा, दिसे, तर ४० मिमीच्या गजावर तोच चक ०.०४ दाखवी, कारण आतल्या स्क्रोलची, म्हणजे जॉ आतबाहेर सरकवणाऱ्या सर्पिल आट्याच्या चकतीची, झीज सगळीकडे सारखी होत नाही. ज्या मापाचे काम वर्षानुवर्षे जास्त झाले, तिथेच ती अधिक होते. जॉ लेथवरच ग्राइंड करून घ्यावेत असा विचार मी बरेच महिने केला, कारण चालू वस्तू टाकून नवी आणणे मला पटत नाही. पण स्क्रोल झिजलेला असताना जॉ ग्राइंड केले, तर ते ज्या मापावर ग्राइंड केले तेवढ्याच मापावर खरे चालतात. शेवटी एका ब्राँझच्या बुशचे फेसिंग करताना (तोंड सपाट कातताना) जॉब निसटला, टूल त्यात रुतले आणि एका जॉचा मागचा दात तुटला. त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरले नाही.

चक निवडताना १२५ मिमीचा मोह झाला होता. मापे घेतली, तेव्हा दिसले की १०० मिमीचा चक टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवरून मोकळा फिरतो आणि १२५ मिमीचा अडतो. शिवाय एमएल ७ च्या स्पिंडलची बेअरिंग व्हाइट मेटलची आहेत. त्यांच्यापुढे विनाकारण दीड-दोन किलो जास्त वजन लटकवणे मला बरे वाटले नाही. स्पिंडलचे आटे थेट चकच्या अंगातच पाडलेला प्रकारही मिळतो. त्यात बॅकप्लेटची जाडी वाचते आणि जॉ बेअरिंगच्या जवळ येतात, पण तो चक त्या एकाच जातीच्या लेथचा होऊन बसतो. रनआउट स्क्रूने जुळवता येणारा चक माझ्या कामाच्या मानाने महाग होता. कास्ट आयर्न की स्टील, यावरही लोक फार डोके शिणवतात. ज्या लेथचा कमाल वेग मिनिटाला ६४० फेरे आहे, त्याला चांगल्या कास्ट आयर्नचा चक पुरेसा आहे. म्हणून मागे सपाट तोंड असलेला साधा चक घेतला आणि त्याच विक्रेत्याकडून स्पिंडलच्या मापाची, म्हणजे एक इंच एक सूत व्यासाची, इंचाला १२ व्हिटवर्थ आटे असलेली, चकच्या मागच्या खाचेत बसणारा ७२ मिमीचा गोल उंचवटा (स्पिगॉट) आधीच काढलेली तयार बॅकप्लेट मागवली. अर्धवट तयार बॅकप्लेट स्वस्त होती. मेहनत वाचेल म्हणून मी तयार घेतली, आणि या सगळ्या खरेदीतला माझा एकमेव चुकीचा निर्णय तोच.

चक बसवला, २५ मिमीचा ग्राइंड केलेला गज बांधला आणि रनआउट मोजणारा डायल लावला. जॉजवळ ०.१४ मिमी रनआउट आला. नव्या चककडून इंचाच्या तीन हजारांशांपर्यंत, म्हणजे ०.०७६ मिमीपर्यंत, मी समजून घेतले असते. विक्रेत्याला कळवले, तर उत्तर आले की त्यांच्याकडच्या तपासणीत चक मर्यादेतच होता आणि परत पाठवायचा असल्यास वाहतुकीचा खर्च मी करावा. अशी तीन पत्रे इकडून गेली आणि तीन तिकडून आली. प्रत्येक पत्रात बॅकप्लेट निर्दोष असल्याचे गृहीत धरले होते. त्यांनी ते धरले, आणि खेदाची गोष्ट म्हणजे मीही धरले.

गाडी वळली ती दुसऱ्या एका मापामुळे. त्याच गजावर डायल जॉपासून १०० मिमी पुढे नेला, तर आकडा ०.२६ झाला. दोष फक्त स्क्रोलचा असता, तर गज बहुतेक मध्यापासून बाजूला सरकलेला दिसला असता आणि दोन्ही ठिकाणची मापे जवळपास सारखी आली असती. माप पुढे वाढत जाते, याचा अर्थ संपूर्ण चक तिरका बसला आहे. चक उतरवला आणि नुसत्या बॅकप्लेटच्या तोंडावर, कडेजवळ, डायल लावला. तिथे ०.०६ मिमी चढउतार होता. १०० मिमी व्यासावर तोंड ०.०६ ने कलले असेल, तर पुढच्या प्रत्येक १०० मिमीला गजाचे टोक डायलवर ०.१२ ने जास्त हलणार, ०.१४ मध्ये ०.१२ मिळवले की बरोबर ०.२६ होतात. हे गणित जुळले, तेव्हा चकवरचा माझा राग तिथेच मावळला.

मग स्पिंडलच्या खांद्याला, म्हणजे आट्यांमागच्या ज्या कड्याला बॅकप्लेट टेकते त्याला, ती कुठे टेकते ते दिसावे म्हणून निळा रंग लावून बॅकप्लेट चढवली. रंग पूर्ण गोलाकार उमटायला हवा होता; तो उमटला फक्त दोन ठिकाणी. एका ठिकाणी माझ्याच स्पिंडलच्या खांद्यावर कधीकाळी काहीतरी आपटून वर आलेली बारीक कड होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण नख फिरवले की अडत होती. दुसरा दोष बॅकप्लेटचा होता. खांद्याच्या मुळाशी स्पिंडलला किंचित गोलाई असते, आणि बॅकप्लेटच्या भोकाच्या तोंडाची धार मोडलेली नसल्यामुळे ती खांद्याला टेकण्याआधीच त्या गोलाईवर चढत होती. आटे चकला फक्त मागे ओढून धरतात. तो सरळ बसतो तो खांद्याच्या टेकण्यामुळे, आणि तेच टेकणे इथे होत नव्हते. अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (तिरकी कड) काढणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तयार म्हणून विकलेल्या बॅकप्लेटवर ते केलेले नसावे, हे मला आजही खटकते.

खांद्यावरची कड ऑइल स्टोनने अलगद घासून काढली आणि भोकाची धार तिकोनी स्क्रेपरने मोडली. आता रंग सगळीकडे उमटला. तरीही तोंडावर ०.०२ उरलेच, म्हणून बॅकप्लेट माझ्याच स्पिंडलवर ठेवून तिच्या तोंडावरून एक हलका कट घेतला आणि स्पिगॉटही एक दशांश मिलिमीटरने कमी केला. चक त्यावर सैलसर बसवला, तिन्ही बोल्ट हलके आवळले, डायल बघत लाकडी हातोडीने ठोकत ठोकत २५ मिमीच्या गजावर ०.०२ वर आणला आणि मग बोल्ट पूर्ण आवळले. स्पिगॉट सैल ठेवणे हे शुद्ध कारागिरीत बसत नाही, हे मला मान्य आहे, आणि त्याची किंमत पाचव्या महिन्यात कळली. चौकोनी गजाचे टर्निंग करताना बसलेल्या धक्क्यांनी चक सरकला आणि आकडा ०.०५ झाला. पुन्हा जुळवायला दहा मिनिटे लागली. नेहमी तुटक कट घेणाऱ्याने स्पिगॉट घट्टच ठेवावा.

नऊ महिन्यांनंतर चकचे वर्तन असे आहे: २५ मिमीच्या आसपास तो ०.०२ ते ०.०३ वर चालतो, १० मिमीवर किंवा ५० मिमीवर ०.०५ ते ०.०६ दाखवतो. एका मापावर ठोकून जुळवलेला चक सर्व मापांवर खरा होत नाही. चावीच्या तीन भोकांपैकी एकाच भोकातून शेवटचे आवळणे केले, तर तोच आकडा पुन्हा मिळतो. त्या भोकाजवळ मी पंचने ठिपका मारून ठेवला आहे. जॉ पुढून मागपर्यंत सारखे धरतात, आणि कट ऑफ करताना जुन्या चकवर येणारी थरथर जवळजवळ गेली आहे. एकाच बांधणीत टर्निंग, बोअर आणि फेसिंग उरकायचे असेल, तर ०.०२ काय आणि ०.०६ काय, जॉबला फरक पडत नाही, हे मात्र मला सहा महिन्यांनी खऱ्या अर्थाने उमगले. चकची चावी सुमार आहे. तिचा चौकोन भोकात सैल आहे आणि कडा आताच गोल होऊ लागल्या आहेत.

अनपेक्षित फायदा एक झाला. खांद्याला नीट टेकणारी बॅकप्लेट अडकून बसत नाही. पूर्वी चक उतरवताना बॅक गिअर, म्हणजे वेग कमी करणारी दातेरी चाके, गुंतवून स्पिंडल अडवण्याचा मोह होत असे. एमएल ७ वर हे अजिबात करू नये, स्पिंडलवरच्या मोठ्या दातेरी चाकाचे (बुल व्हीलचे) दात त्यानेच तुटतात. आता जॉमध्ये लाकडी पट्टी धरून एक हिसका दिला की चक सुटतो. आट्यांवर चढणारा चक उलट्या फिरकीत स्वतःच सुटू शकतो, त्यामुळे या लेथवर उलट कट मी आजही घेत नाही.

विक्रेत्याला शेवटचे पत्र मीच लिहिले. चक चांगला असल्याचे त्यात कबूल केले आणि बॅकप्लेटच्या चॅम्फरबद्दलही स्पष्ट लिहिले. उत्तर आले नाही. आता प्रत्येक जॉ वेगळा सरकणारा चार जॉचा चक मागवला आहे, या वेळी बॅकप्लेटशिवाय, कारण जुन्या चकची बॅकप्लेट माझ्याकडे आहे आणि ती खांद्याला पूर्ण टेकते, हे निळा रंग लावून मी आधीच पाहून ठेवले आहे. तिचे तोंड आणि स्पिगॉट नव्या चकच्या मापाने काढायचे तेवढे बाकी आहे, आणि या खेपेला स्पिगॉट घट्ट ठेवणार आहे.