उद्यमचं सर्टिफिकेट फुकट असतं, आमचे १३,९९९ रुपये गेले

सोलापुरात शेंगाचटणी करणारी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यातलंच एक आमचं. मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून सहा-सात वर्षं शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कडक भाकरी करून ओळखीपाळखीत देत होतो. २०२४ च्या गौरी-गणपतीआधी ऑर्डरी इतक्या आल्या की जाऊ म्हणाली, "ताई, आता हे रीतसर करूया, पाकिटावर आपलं नाव छापू, दुकानात ठेवू." तिच्या मनात हे दोन वर्षांपासून होतं, पैसे पण तिनंच भिशीतले बाजूला ठेवले होते, म्हणून हे सगळं लिहिताना मला जास्त वाईट वाटतं, कारण फॉर्म मी भरला होता.

बचत गटातल्या एकीनं सांगितलं की आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करा, मग बाकीचं. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर शोधलं तर पहिलीच साईट उघडली. वर तिरंग्याची पट्टी, सिंहाच्या मुद्रेसारखं चित्र, पत्त्यात उद्यम हा शब्द, खाली आधार-पॅनचा फॉर्म. त्या लिंकच्या वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ते मला तेव्हा माहीतच नव्हतं, आणि पत्त्याच्या शेवटी सरकारी साईटचं जीओव्ही डॉट इन नाही हे बघायचं सुचलं नाही. फॉर्म भरला, शेवटी २,४९९ रुपये फी आली, यूपीआयनं भरली. भरताना समोर कुठल्यातरी कन्सल्टन्सीचं नाव आलं होतं, सरकारचं नाही. ते मी वाचलं होतं, तरी पुढं गेले.

आता ठणकावून सांगते, उद्यम नोंदणीला एक रुपया फी नाही. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे, आधार नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, पॅन टाकायचा, बाकी माहिती स्वतः लिहून द्यायची, कागद अपलोड करायचे नाहीत, दरवर्षी रिन्यू पण करायचं नाही. सरकारी पोर्टल एकच आहे आणि त्याच्यावर स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही खाजगी साईटला किंवा एजंटाला हे काम दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच फोन. माणूस मराठी, बोलायला एकदम गोड, "ताई, अभिनंदन, तुमची फाईल माझ्याकडं आलीय." मला वाटलं सरकारी ऑफिसातलाच आहे. त्यानं एकेक सांगायला सुरुवात केली, खाण्याचा पदार्थ आहे म्हणजे फूड लायसन पाहिजे, ते नसलं तर धाड पडते, पाच लाख दंड होतो, शॉप अ‍ॅक्ट म्हणजे दुकानाची नोंदणी पाहिजे, जीएसटी नसेल तर बँक करंट खातं उघडत नाही, दर्जाचं आयएसओ सर्टिफिकेट पाहिजे, नाव दुसऱ्यानं चोरू नये म्हणून ट्रेडमार्क पाहिजे. सगळ्याचं पॅकेज ८,५०० रुपये, फक्त आजच्या दिवस. पाच लाख दंड ऐकून जाऊचा चेहराच उतरला. पैसे पाठवले. चार दिवसांनी "साहेबांची अर्जंट फी" म्हणून आणखी ३,००० घेतले. म्हणजे एकूण १३,९९९.

पैशापेक्षा मोठी चूक पुढं झाली. आधार, पॅन, लाईट बिल, फोटो, सही केलेला कॅन्सल चेक, सगळं माझंच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, आणि दोन-तीन दिवस जे जे ओटीपी आले ते फोनवर वाचून दाखवले. "सरकारी ओटीपी आहे ताई, बँकेचा नाही, सांगायला हरकत नाही," असं तो म्हणायचा आणि ते मला पटलं सुद्धा. बँकेचा ओटीपी सांगायचा नाही हे कुणी पण सांगतं, पण आधारच्या ओटीपीवर आपल्या नावानं काय काय उघडता येतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्यात पीडीएफ आल्या. उद्यमचं सर्टिफिकेट आणि फूड लायसन. आम्ही दोघींनी प्रिंट काढून लॅमिनेशन करून स्वयंपाकघरात लावलं, देवाला पेढे ठेवले. त्याच लायसनचा नंबर टाकून दोन हजार स्टिकर छापून घेतले.

दसऱ्याच्या आसपास नवी पेठेतल्या एका दुकानदाराकडं सॅम्पल घेऊन गेलो. त्यांना चटणी आवडली, पण पाकीट उलटं करून त्यांनी नंबर मोबाईलवर टाकला आणि म्हणाले, "वहिनी, हा नंबर तर परराज्यातल्या डेअरीचा दाखवतोय." मला वाटलं त्यांचं टायपिंग चुकलं. परत टाकला, तेच. फॉसकॉस म्हणून फूडचं जे सरकारी पोर्टल आहे त्याच्यावर लॉगिन न करता कुणालाही चौदा आकडी नंबर टाकून बघता येतं, आणि आम्ही ते कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी आणखी एक सांगितलं की छोट्या नोंदणीचा नंबर २ नं सुरू होतो आणि लायसनचा १ नं, तुमच्यासारख्या घरगुतीवाल्यांच्या पाकिटावर १ बघितला की मी तपासतोच. भला माणूस, ओरडला नाही, पण परत येताना रिक्षात जाऊ एक शब्द बोलली नाही.

दिवाळी तोंडावर होती. भरून ठेवलेल्या पाकिटांचे स्टिकर आम्ही तीन रात्री बसून खरवडून काढले, दुकानात एकही पाकीट गेलं नव्हतं हे नशीब. त्या माणसाला फोन केला तर आधी "सर्व्हर अपडेट होतोय," मग "तुम्ही माझ्यावर आरोप करताय का," आणि मग नंबर बंद.

मग सगळं आम्ही स्वतः केलं, आणि काय सांगू, इतकं सोपं होतं की रडू आलं. फूडची नोंदणी, तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला वर्षाची फी १०० रुपये. शंभर! फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फॉर्म भरायला अर्धा तास लागला आणि नंबर आला. शॉप अ‍ॅक्टचं पण तसंच, २०१७ च्या कायद्यानं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर लायसन हा प्रकारच नव्हता, ऑनलाईन फक्त सूचना द्यायची आणि पोच घ्यायची, मराठी पाटीचा फोटो जोडायचा. त्या पॅकेजमधला ट्रेडमार्क तर केलेलाच नव्हता. मालाच्या एका वर्गासाठी सरकारी फीच छोट्या उद्योगाला ऑनलाईन ४,५०० आहे, मग ८,५०० च्या पॅकेजात सगळं कसं बसेल, हा हिशोब तेव्हा केला असता तर तिथंच कळलं असतं. आणि जे आम्हाला खरंच लागत होतं ते त्यानं सांगितलंच नाही. बंद पाकिटातून माल विकायचा तर वैधमापनशास्त्र खात्याकडं, आपण ज्याला वजनमापवाले म्हणतो त्यांच्याकडं, पॅकर म्हणून ९० दिवसांत नोंद करावी लागते, फी ५०० रुपये, आणि पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी फोन नंबर हे सगळं लागतं. हे पण त्या दुकानदारांनीच सांगितलं.

उद्यमचं सर्टिफिकेट मात्र खरं निघालं. पण त्याच्यात मोबाईल आणि ईमेल त्या फोनवाल्या माणसाचा! आणि व्यवसाय लिहिलेला रेडिमेड कपड्यांचा. दुरुस्ती करायला गेलं की ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाणार, दुसरं काढायला गेलं की या आधारवर आधीच नोंदणी आहे असं येणार. जिल्हा उद्योग केंद्रात चार फेऱ्या मारल्या, लेखी अर्ज दिला तेव्हा कुठं मार्ग निघाला.

सगळ्यात मोठा धक्का जानेवारीत बसला. शेजारची मुलगी सीएचं शिकते, तिला सहज हे सांगत होते तर ती म्हणाली, "काकू, तुमचा पॅन द्या." जीएसटीच्या साईटवर पॅन टाकून शोधायची सोय आहे, कुणालाही बघता येतं. टाकला, आणि माझ्या नावावर सप्टेंबरपासून जीएसटी नंबर चालू! राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर घ्यायची गरजच नाही, आमची उलाढाल त्याच्या जवळपास पण नाही. एकही रिटर्न भरलेलं नाही, कुठल्या नोटिसा आल्या असतील तर त्या पण त्याच्या ईमेलवर. त्या मुलीनं समजावलं की काही विक्री नसली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाही भरलं तर ३बी नावाच्या रिटर्नला, ते निरंक म्हणजे शून्य विक्रीचं असलं तरी, दिवसाला २० रुपये लेट फी, एका रिटर्नला ५०० पर्यंत. ते एक वेळ परवडलं, पण अशा नंबरांवर लोक खोटी बिलं फाडतात आणि मग डिपार्टमेंट ज्याचा पॅन त्याच्या दारात येतं. ती रात्र मी झोपले नाही.

यावर उपाय आहे, तो नीट लिहिते कारण खूप जणांना माहीत नाही. आपला नंबर ज्या जीएसटी अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो त्यांच्याकडं पॅन, ओळखपत्र आणि अर्ज घेऊन स्वतः जायचं, ते खात्री करून ईमेल-मोबाईल बदलून देतात आणि नवीन पासवर्ड येतो. आत गेल्यावर आधी बघितलं कुठली बिलं काढलीत का. नव्हती, देवाची कृपा. मग राहिलेली रिटर्न लेट फीसकट भरली, रद्द करायचा अर्ज टाकला, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जे शेवटचं रिटर्न असतं ते पण भरलं. ते विसरू नका, त्याचा पण दंड असतो.

पोलिसांत तर त्याआधीच गेलो होतो. सायबर फसवणुकीची १९३० नंबरची हेल्पलाईन आहे, तिला फोन केला तर पहिला प्रश्न, पैसे कधी पाठवले. आम्ही दोन महिन्यांनी फोन करत होतो. त्याच दिवशी केला असता तर त्याच्या खात्यात रक्कम अडवता आली असती कदाचित. सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, दोन्ही पीडीएफ जोडल्या, नंबर मिळाला.

आमची माहिती पुढं विकली गेलीय असं वाटतं, कारण अजून आठवड्याला एक तरी फोन येतो. परवा एकीचा आला, पीएमईजीपीमध्ये, म्हणजे धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणाऱ्या सरकारी योजनेत, महिलांना ३५ टक्के सबसिडी मंजूर झालीय, फाईल चार्ज ५,१०० भरा. ही योजना खरी आहे, महिलांना खेड्यात ३५ आणि शहरात २५ टक्के असतं, पण अर्ज फुकट असतो, प्रकरण बँकेमार्फत होतं, फोनवरून कुणाला सबसिडी मंजूर होत नाही. जाऊनं तो फोन घेतला होता. तिनं विचारलं, "मी अर्ज कुठल्या बँकेत केलाय सांगा." तिकडून कट.

आता नवी पेठेतल्या त्याच दुकानात महिन्याला वीस किलो चटणी जाते, पाकिटावर २ नं सुरू होणारा नंबर आहे. तक्रारीचं स्टेटस मी दर सोमवारी बघते, अजून प्रक्रियेत आहे असंच दाखवतं. ती साईट मात्र चालू आहे, नाव थोडं बदललंय, तिरंग्याची पट्टी तीच, आणि शोधलं की अजून पहिल्याच नंबरला येते.