अल्फा स्पायडर की फियाट १२४ स्पायडर: माझा सौदा दाराखालच्या पत्र्यावर ठरला

जुनी इटालियन उघडी गाडी घ्यायची आणि फेरारीचे आकडे आवाक्यात नसतील, तर फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबायला होतं: अल्फा रोमिओची स्पायडर आणि फियाटची १२४ स्पायडर. दोन्हींचा जन्म १९६६ चा. अल्फा मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, फियाट नोव्हेंबरमध्ये तुरीनच्या. दोन्हींचा पत्रा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा, दोन्हींना डबल कॅमचं (झडपा उघडणारे दोन दांडे असलेलं) इंजिन आणि मागच्या चाकांना जोर. म्हणून कागदावरच्या तुलनेत मी शिरत नाही. मी स्टुटगार्टजवळ राहतो. दीड वर्ष शोधाशोध करून सात अल्फा आणि चार फियाट प्रत्यक्ष पाहिल्या आणि त्यातली एक घरी आणली. तिचा आता तिसरा उन्हाळा चालू आहे. जे सांगतोय ते या अकरा गाड्यांच्या जोरावर. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तोही खराच असणार.

आधी भावाबद्दल, कारण फसगत तिथूनच सुरू होते. जर्मनीत जुन्या गाडीला १ ते ५ अशी प्रत देतात. १ म्हणजे निर्दोष, २ म्हणजे चांगली, ३ म्हणजे वापरलेली पण धडधाकट, ४ म्हणजे झिजलेली आणि ५ म्हणजे सगळं नव्याने करावं लागेल अशी. जाहिरातीत जवळजवळ प्रत्येक गाडी '२' असते. मी पाहिलेल्या अकरांपैकी खरोखर २ म्हणावी अशी एकच होती. बाकीच्या प्रत ३, साडेतीनच्या घरातल्या. विक्रेते सगळेच खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. विम्यासाठी काढलेला छोटा दाखला त्यांच्या हातात असतो आणि त्यावर त्यांचा मनापासून विश्वास असतो. पण तो दाखला बहुधा वरवर पाहून दिलेला असतो, आणि या गाड्यांची खरी किंमत खालच्या बाजूला ठरते. प्रत २ आणि प्रत ३ यांच्या भावात पाच-सात हजार युरोंचा फरक सहज पडतो. तो कशासाठी मोजतोय हे घेणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

चालवायला अल्फा सरस. यात मला शंका नाही. सगळं इंजिन अॅल्युमिनियमचं, कॅम साखळीवर चालणारे, आणि तीन हजारांच्या पुढे ते असा काही सूर लावतं की बोगदा दिसला की काच खाली करावीशी वाटते. गिअरचा दांडा डॅशबोर्डच्या खालून जवळजवळ आडवा बाहेर येतो. दोन दिवसांत त्याची सवय होते आणि मग तोच बरोबर वाटायला लागतो. गार असताना सेकंड गिअर कुरकुरतो, हे प्रत्येक अल्फावाला सांगेल. पहिली दहा मिनिटं दांडा सावकाश टाकायचा, एवढाच त्यावर उपाय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील, हे दुसरं दुखणं. ऑइल भरायचं झाकण उघडून आत दुधाळ मेण दिसतंय का ते पाहायचं. ही दोन्ही दुखणी मला चालली असती. दोन्ही कळतात, दोन्हींचा खर्च एखादा मिस्त्री फोनवरही सांगू शकतो.

मला नडली ती सिल. दाराच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये जी पत्र्याची लांब पेटी असते ती. उघड्या गाडीला वर छत नाही, त्यामुळे गाडीचा सगळा ताठपणा त्या पेटीत असतो. अल्फामध्ये ती तीन थरांची आहे: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधोमध एक पडदा. गंज त्या पडद्यापासून सुरू होतो. बाहेरचा पत्रा खराब झाला की कारागीर तो कापून नवा जोडतो, वरून काळा डांबरासारखा लेप मारतो, आणि मधला पडदा कुजलेला तसाच आत राहतो. बाहेरून हात फिरवा, लोहचुंबक लावा, ठोकून पाहा, सगळं ठणठणीत. पत्रा नवाच असतो ना!

पहिल्या तीन अल्फा मी अशाच पाहिल्या आणि मला काही कळलं नाही. चौथी १९८६ ची, लाल, एका निवृत्त शिक्षकाची. त्यांनी बावीस वर्षांच्या पावत्या तारीखवार लावून ठेवल्या होत्या. मागणी साडेएकोणीस हजार युरो. मी इसार द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या मित्राने गाडी जॅक पॉइंटवर उचलली आणि दार उघडून पुन्हा लावायला सांगितलं. दार लागलं, पण मागच्या बाजूला कडेला घासून लागलं, म्हणजे गाडी मध्ये वाकत होती. मग फोनला जोडायचा छोटा कॅमेरा सिलखालच्या निचऱ्याच्या भोकातून आत घातला. दोन भोकं लेपाने बुजलेली होती, तिसऱ्यातून आत गेला. आत पडदा असा नव्हताच. होते ते तपकिरी पापुद्रे, एकावर एक, जुन्या घराच्या भिंतीसारखे. त्या गृहस्थांचा चेहरा अजून आठवतो. त्यांनी ते काम एका वर्कशॉपमध्ये पैसे मोजून करून घेतलं होतं आणि ते नीट झालंय यावर त्यांचा विश्वास होता. आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

त्यानंतरच्या तीन अल्फांना मी कॅमेरा घेऊनच गेलो. एकीत भोकं सगळी बुजलेली होती आणि मालक लेप खरवडू देईना. एकीत आत एवढं मेण फवारलेलं की काही दिसेचना. ते मेण गंज व्हायच्या आधी मारलंय की नंतर, कुणास ठाऊक. तिसरी चांगली होती. तीच ती प्रत २. पण ती सत्तावीस हजारांची आणि माझ्या हिशेबाच्या पार पलीकडची. दोन्ही बाजूंच्या सिल तीनही थरांसह नव्याने करायला किती येतील असं मी एका कारागिराला विचारलं. सीट, गालिचे काढणं आणि नंतरचा रंग धरून त्याने आठ हजार युरो सांगितले. आणि कापल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, हेही सांगितलं. म्हणजे पंधरा हजारांची अल्फा ही पंधराचीही असू शकते आणि तेवीसचीही, आणि ते घरी आणल्यावरच कळणार. मला हे सोसवेना.

फियाटही गंजते. तिची सिल गंजते, डिकीत बॅटरी असल्यामुळे तिथला पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे टॉवर, म्हणजे ते ज्यात बसतात ते पत्र्याचे उंचवटे. ते गेले तर गाडी गेली असंच धरून चाला. पण ते टॉवर बॉनेट उघडलं की समोर असतात. वरून टॉर्च मारायचा, मग पुढचं चाक काढून खालून हात घालायचा. पत्रा कुठे फुगलाय, कुठे जुनं वेल्डिंग आहे, हे बोटांना कळतं.

नाशिकला बाबांकडे प्रीमियर ११८ एनई होती. इंजिन निस्सानचं, पण बॉडी फियाट १२४ ची. स्पायडरचं नातं त्याच १२४ शी. आमचे मिस्त्री दर पावसाळ्यानंतर बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहायचे आणि म्हणायचे, "रंग शेवटी बघा दादा, आधी हे बघा." तिसऱ्या फियाटचं बॉनेट उघडल्यावर माझा अंगठा आपोआप तिथे गेला. डाव्या टॉवरला थिगळ होतं, जाड आणि ओबडधोबड, पण धरलेलं. मालकाने स्वतःहून दाखवलं होतं. त्यावर आम्ही शांतपणे बोललो, दोन हजार उतरले, आणि साडेबारा हजारांना १९८१ ची ती निळी गाडी मी घेतली. टॉवरचं काम नीट करून घ्यायला सतराशे लागले. हा आकडा मला सौद्याच्या आधी ठाऊक होता.

ही गाडी कॅलिफोर्नियातून परत आलेली. फियाटच्या बाबतीत हे बहुतेक गृहीतच धरा, कारण जवळपास दोन लाख गाड्या बनल्या त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. पत्र्याला ते फायद्याचं, तिथल्या कोरड्या भागांत मीठ टाकलेले रस्ते नसतात. डॅशबोर्ड मात्र उन्हाने तडकलेला असतो, बंपर अवजड, आणि स्पीडोमीटर ८५ मैलांपर्यंतचाच. मैलांच्या आकड्यावर भाव ठरवू नका. अनेक गाड्यांत पाचच आकडे असतात, ते एकदा उलटून पुन्हा शून्यावर आलेत का हे सांगायला कुणी साक्षीदार नसतो. स्वतः आयात करणार असाल तर तीस वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला इथे आयातीवर १९ ऐवजी ७ टक्के कर लागतो. कागद नीट असले तर पुढे एच नंबरप्लेट (जुन्या गाड्यांसाठीची खास पाटी) मिळते आणि वर्षाचा कर १९१ युरोंच्या आसपास बसतो. हे अल्फालाही लागू आहे. अमेरिकेतून आलेली अल्फा घेत असाल तर १९८१ पर्यंतच्या गाड्यांतलं स्पिका इंजेक्शन (इंजिनाला पेट्रोल देणारी यांत्रिक यंत्रणा) जागेवर आहे का ते विचारा. ते समजणारा माणूस शोधणं सोपं नाही. माझ्या फियाटला बॉशचं इंजेक्शन आहे, त्याने आजवर काही मागितलेलं नाही.

फियाटच्या विरोधात लोक टायमिंग बेल्टचा मुद्दा काढतात. फियाटचे इंजिन-रचनाकार लाम्प्रेदींनी त्या इंजिनात कॅम दातेरी पट्ट्यावर फिरवले, अल्फात साखळी आहे. खरं आहे, पट्टा बदलावा लागतो. गाडी आली त्याच आठवड्यात मी तो आणि त्याचा टेन्शनर बदलून घेतला, तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली, आणि तीन वर्षांनी पुन्हा बदलणार आहे. मालक कितीही म्हणो 'नुकताच बदललाय', पावती नसेल तर बदलूनच घ्या.

इंजिनाचा सूर मात्र अल्फाचाच. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जातो तेव्हा मी आधी तिच्याजवळच उभा राहतो. फियाट जरा जड वाटते, थोडी अधिक सभ्य. मागे तिला छोटीशी सीट आहे, त्यावर माझी सहा वर्षांची मुलगी बसते. कापडी छत सिग्नलला उभं असताना बसल्या जागेवरून एका हाताने ओढून घेता येतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळी पावसात ते महिन्यातून चार वेळा करावं लागतं.

ज्यांच्याकडे पंचवीस हजारांच्या पुढचं बजेट आहे आणि ओळखीचा कारागीर आहे त्यांनी अल्फा जरूर पाहावी. फक्त सिल कापून तिन्ही थर बदलताना काढलेले फोटो मागा, रंगकामाचे नकोत. असे फोटो आणि कॅमेरा आत घालू देणारा मालक एकाच गाडीजवळ सापडले, तर मीही तुमच्या जागी घासाघीस करत बसणार नाही. मला दीड वर्षात ते एकदाच सापडलं, आणि ती सत्तावीस हजारांची होती.