ईडीएफए पुरे, की रामनही लावायचा?

ईडीएफए आणि रामन हे ऑप्टिकल फायबरमधला क्षीण सिग्नल वाढवणारे ऍम्प्लिफायर. नव्या डीडब्ल्यूडीएम लिंकचं (एकाच फायबरवर वेगवेगळ्या तरंगलांबींचे अनेक चॅनेल) पॉवर बजेट मांडताना हा प्रश्न बहुधा एखाद्याच लांब स्पॅनमुळे (दोन ऍम्प्लिफायरांमधला फायबरचा टप्पा) उभा राहतो. बाकी सगळे स्पॅन 80 किमीच्या आसपास, आणि मध्येच एक 150 चा, कारण घाटात हट (ऍम्प्लिफायर ठेवायची खोली) उभारायला ना जागा मिळते ना वीज.

आधी हिशेब. एका स्पॅनचा ओएसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे, डीबीमध्ये) = 58 + चॅनेलची पॉवर − स्पॅनचा लॉस − नॉइज फिगर (ऍम्प्लिफायर स्वतः किती नॉइज घालतो). 58 हा ठरलेला स्थिरांक. पॉवर 0 डीबीएम आणि ईडीएफएचा नॉइज फिगर 5 डीबी धरा. 20 डीबी लॉसचे नऊ स्पॅन ओलांडल्यावर साधारण 23.5 डीबी हातात राहतात. 150 किमीचा लॉस 0.22 डीबी प्रति किमीने 33 डीबी, म्हणजे त्या एकट्या स्पॅनचा ओएसएनआर 20. दहाही मिळून 18.4. एका स्पॅनने पाच डीबी खाल्ले! तिथेच रामनने प्रभावी नॉइज फिगर 5 डीबीने खाली आणला, तर एकूण आकडा 21.2 होतो. उरलेल्या नऊ ठिकाणी रामन लावणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं.

फरक मुळातच आहे. ईडीएफएमध्ये 10-20 मीटर एर्बियमयुक्त फायबरचं वेटोळं असतं, 980 किंवा 1480 नॅनोमीटरच्या पंपावर चालतं आणि स्पॅन संपल्यावर, म्हणजे सिग्नल पुरता क्षीण झाल्यावर, 20-30 डीबी गेन देतं. पहिल्या स्टेजला 980 घ्यावा, नॉइज कमी येतो. जास्त आउटपुट हवं असेल तर पुढच्या स्टेजला 1480. रामनमध्ये वेगळं फायबर नाहीच. सुमारे 1450 नॅनोमीटरचा, कित्येकशे मिलिवॉटचा पंप शेवटच्या टोकाकडून उलटा सोडतात आणि केबलमधलंच फायबर ऍम्प्लिफायर बनतं. गेन 10-12 डीबीच, पण सिग्नल तळाला जाण्याआधी मिळतो, म्हणून ओएसएनआर सुधारतो.

ईडीएफए चुका पोटात घालतो. त्रास होतो तो सेटिंगमुळे. 40 चॅनेलची लिंक कॉन्स्टंट पॉवर मोडमध्ये ठेवली आणि केबल तुटून 39 गेले, तर उरलेल्या एकाला 16 डीबी जास्त पॉवर मिळते आणि रिसीव्हर धोक्यात येतो. कॉन्स्टंट गेन मोडच ठेवा. स्पॅन छोटा असेल तर फिक्स्ड गेन ईडीएफएचा पंप कमी करून भागवू नका, स्पेक्ट्रम एका बाजूला झुकतो; ऍटेन्युएटर लावा.

रामनचं तसं नाही, त्याला केबलची प्रकृती सोसावी लागते. गेनचा मोठा भाग पंपाकडच्या 20 किमीत तयार होतो. तिथे स्टेशनजवळ जेसीबीने केबल तोडली आणि घाईत केलेल्या स्प्लाइसमध्ये (फायबर वितळवून केलेल्या जोडात) 1 डीबी गेला, तर पंप 20 टक्क्यांनी घटतो: 12 डीबीचा गेन साडेनऊवर येतो, सिग्नलचाही 1 डीबी जातो, म्हणजे एकूण साडेतीन डीबी. हाच स्प्लाइस पंपापासून 60 किमीवर असता, तर नुकसान जेमतेम 1 डीबीचं. म्हणून ऑर्डर देण्याआधी पंपाच्या बाजूने ओटीडीआर (फायबरमधले लॉस आणि जोड अंतरानुसार दाखवणारी चाचणी) घ्या. पहिल्या 20 किमीत 0.2 डीबीहून मोठा स्प्लाइस किंवा परावर्तन दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. फायबरचा प्रकारही विचारा: तोच पंप जी.655 वर जी.652 पेक्षा जास्त गेन देतो, कारण कोअरचं प्रभावी क्षेत्रफळ लहान असतं.

स्टेशनवरचे कनेक्टर हा खरा कळीचा मुद्दा. अर्ध्या वॉटच्या प्रकाशात धुळीचा कण जळतो आणि फेरूलचं (कनेक्टरमधल्या फायबर धरणाऱ्या नळीचं) टोक भाजून निघतं. ओडीएफवर (फायबर जोडणीच्या पॅनेलवर) पॅचकॉर्ड जोडण्याऐवजी शक्य तिथे थेट स्प्लाइस करा. कनेक्टर ठेवावाच लागला तर एपीसी (तिरक्या टोकाचा), आणि लावताना दर वेळी स्कोपखाली पाहून. उघडण्याआधी पंप बंद झाल्याची खात्री करा, हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. केबल तुटल्यावर पंप आपोआप बंद होण्यासाठी नुसत्या सिग्नल पॉवरवर विसंबू नका, रामनचा स्वतःचा नॉइजच सिग्नलसारखा भासू शकतो. सुपरवायझरी चॅनेल (लिंकवर देखरेख ठेवणारा वेगळा चॅनेल) गेला की पंप बंद, असं सेटिंग ठेवा.

एसओए (सेमीकंडक्टर ऍम्प्लिफायर) स्वस्त आणि चिमुकला, पण नॉइज फिगर 7-8 डीबीच्या घरात आणि चॅनेलांमध्ये क्रॉसटॉक (एकाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळणं). 1310 नॅनोमीटरच्या छोट्या लिंकवर त्याला काम आहे, या यादीत नाही.