वजन न विचारणारा डॉक्टर: २१,८४९ रुपये आणि चौदा दिवस

आजारी गिनीपिगला व्हिडिओवरून तपासणाऱ्या एका खोट्या डॉक्टरला मी किती पैसे दिले, ती रक्कम आधी सांगते. ४९९, मग २,७५०, मग ७,२००, मग ११,४००. एकूण २१,८४९ रुपये. चार वेळा पैसे गेले आणि चारही वेळा माझ्या फोनवरून, मीच पिन टाकून पाठवले. गोव्यात, आमच्या डिचोलीत, आम्हाला ओळखणारे किती जण हे वाचतील या विचाराने इतके महिने गप्प बसले. पण मागच्या आठवड्यात साखळी गावातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या गिनीपिगला धाप लागते, आणि त्यांनीही त्याच माणसाला ४९९ भरून ठेवले होते. आता गप्प बसणं शक्य नाही.

आमच्याकडे दोन गिनीपिग, काजू आणि मिरी. काजू तेव्हा चार वर्षांचा. फ्रिजचं दार उघडलं, कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला की शिट्टी मारत जाळीला लागायचा. २०२५ च्या जुलैअखेरीस शिट्टी बंद झाली. मिरी धावत यायची, हा मागेच बसायचा. आम्ही म्हटलं, पाऊस आहे, हवा कुंद आहे. मग तो मान पुढे ताणून, अंग गोळा करून बसू लागला आणि श्वास घेताना कुशी आत-बाहेर होऊ लागल्या. रात्री झोपला की घुबडासारखा हलका ‘हू हू’ आवाज यायचा. कान आणि पाय हाताला गार. हे लक्षात ठेवा. भक्ष्य असलेला प्राणी आजार लपवतो. तुम्हाला तो आजारी दिसतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन दर रविवारी करून वहीत लिहीत होते. काजूचं वजन १,०४० ग्रॅमवरून ९०५ वर आलं होतं. इथल्या दोन दवाखान्यांत फोन केला. एकीकडे सांगितलं, आम्ही कुत्री, मांजरं आणि गुरं बघतो. दुसरीकडे डॉक्टर चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, गावी गेलेले. १९ ऑगस्टला, चवथ आठ दिवसांवर, रात्री साडेनऊला काजू धापा टाकत होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मुलगी पिंजऱ्याजवळ बसून रडत होती. अशा वेळी फोनवर ‘छोट्या प्राण्यांचे हृदयतज्ज्ञ, व्हिडिओवर तपासणी, ४९९ रुपये’ दिसलं. तुम्ही काय केलं असतं?

आणि तो माणूस मूर्खासारखा बोलला नाही. पहिलंच वाक्य होतं, ‘अमॉक्सिसिलिन दिलं नाही ना? गिनीपिगच्या आतड्यांना ते विष आहे.’ हे खरं आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं. मग म्हणाला, क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही, रोज द्यावं लागतं. हेही खरं. रात्रीचा ‘हू हू’ आवाज मी सांगायच्या आधी त्यानेच विचारला. दोन फोनवर ‘आम्ही बघत नाही’ ऐकलेल्या माणसाला एवढं पुरतं. चार खऱ्या गोष्टी पुढे ठेवून त्याने पाचवी खोटी विकली.

आता ज्या क्षणामुळे मला अजून झोप लागत नाही तो सांगते.

व्हिडिओ सुरू असताना मी म्हटलं, ‘डॉक्टर, वजनाची वही आहे, सांगू का?’ तो म्हणाला, ‘त्याची गरज नाही.’ आणि पुढच्याच मिनिटाला त्याने थेंब किती द्यायचे ते सांगितलं. सकाळी सात, संध्याकाळी सात.

किलोभरसुद्धा नसलेल्या प्राण्याला औषध देणारा माणूस वजन विचारत नाही! माझ्या मुलीला ताप आला तर कोपऱ्यावरचा फार्मसीवालासुद्धा आधी विचारतो, मुलीचं वजन किती. वही माझ्या हातात होती, पान उघडं होतं. मी ती मिटून बाजूला ठेवली, कारण मला वाटलं, तज्ज्ञ आहे, बघूनच कळत असेल. तिथेच फोन ठेवायला हवा होता. ४९९ गेले असते, बाकीचं सगळं वाचलं असतं.

दुसरी खूण त्याने स्वतःच लिहून दिली. २,७५० रुपयांचा ‘हृदय अहवाल’ आला, रंगीत, शिक्का मारलेला. त्यात ठोके मिनिटाला ११०, ‘मंद व कमजोर’. गिनीपिगचे ठोके साधारण २३० ते ३८० असतात. ११० वर तो जाळी चावत बसलेला नसतो. शिवाय व्हिडिओवरून ठोके मोजता येतच नाहीत. मला तेव्हा हा आकडा माहीत नव्हता, पण शोधायला दोन मिनिटं लागली असती. मी शोधला नाही. अहवालात पुढे होतं, ‘हृदय वाढलेले आहे’. फोनच्या कॅमेऱ्यातून हृदयाचा आकार दिसला! त्यासाठी छातीचा एक्स-रे लागतो, आणि नेमका आजार समजायला सोनोग्राफीसारखी इको तपासणी. धाप न्यूमोनियानेही लागते आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं. एक्स-रे न काढता जो ठामपणे ‘हृदय’ म्हणतो, तो अंदाज विकतोय किंवा तुम्हाला लुटतोय.

पैसे ज्या क्यूआरवर गेले त्यावर नाव मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानाचं होतं. विचारलं तर म्हणाला, क्लिनिकचं खातं ऑडिटमध्ये आहे. हेही मी ऐकून घेतलं.

२० तारखेला औषधाच्या संचाचे ७,२०० भरले. २१ ला फोन, औषध परदेशी आहे, मुंबईला कस्टममध्ये अडकलंय, ११,४०० अनामत भरा, माल पोचला की परत. ह्यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं, भरू नकोस. मी भांडले. म्हटलं, तुमच्यासाठी तो उंदीर आहे. या वाक्याची मला पैशांपेक्षा जास्त लाज वाटते. २२ ला कुरिअर आलं. पाकिटावरच्या पावतीत बुकिंगची तारीख होती २० ऑगस्ट. म्हणजे ‘अडकलेलं’ औषध अनामत मागायच्या आदल्या दिवशीच निघालं होतं, तेही देशातल्याच एका शहरातून. ती पावती मी दहा दिवसांनी वाचली. चवथीची साफसफाई, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या छताचं) सामान, घरात पाहुणे. कारणं आहेत, पण पावती माझ्याच फडताळात होती.

बाटली पिवळ्या झाकणाची. बॅच नंबर नाही, उत्पादन परवाना नाही, घटकांची नावं नाहीत, फक्त हृदयाचं चित्र. बाटलीवर हे तीन नसतील तर एक थेंबही देऊ नका. मी अकरा दिवस दिले.

त्याने अजून एक गोष्ट केली, आणि ती सगळ्यात दुष्ट. म्हणाला, ‘इथल्या डॉक्टरकडे नेऊ नका. ते लॅसिक्स देतील आणि किडनी खराब करतील.’ अर्धं खरं, म्हणून पटतं. लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड देताना पाणी आणि लघवीकडे लक्ष ठेवावं लागतं, हे बरोबर. पण छातीत पाणी साचलेल्या जिवाला आधी तेच लागतं. माझ्या काजूला ज्या एका औषधाची गरज होती त्याचीच भीती त्याने मला घातली. दुसऱ्याकडे जाऊ नका असं जो म्हणतो, त्याच्याकडून उठून आधी दुसऱ्याकडे जा.

१ सप्टेंबरला त्याने ‘ऑक्सिजन पेटी’साठी १८,००० मागितले. त्याच संध्याकाळी काजूच्या हिरड्या निळसर दिसल्या आणि मुलगी म्हणाली, ‘आई, तो माणूस काजूचं नाव एकदा तरी विचारतो का गं?’ दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि काजूला टोपलीत घालून म्हापशाला गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं, ‘मला गिनीपिगचा अनुभव कमी आहे, पण बघूया.’ आणि पहिलं काम केलं ते वजन. ८६०. मग म्हणाल्या, पोट फुगलंय, म्हणजे यात पाण्याचंही वजन आहे, खरा तो याहून हडकला आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हृदय थकलं की अंग वाळतं आणि पोटात, छातीत पाणी भरतं, त्यामुळे काटा कधी कधी फसवतो. पाठीच्या कण्यावर बोट फिरवून बघायचं. त्यांनी आधी मांजराच्या पेटीत ऑक्सिजन देऊन त्याला शांत केलं, मगच एक्स-रे. धापा टाकणाऱ्याला उताणा दाबून धरला तर तिथेच जाऊ शकतो. हृदयाची सावली मोठी, फुप्फुसांत पाणी. फोनवर बाहेरगावच्या सहकाऱ्याशी बोलून फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत त्याने टॉवेल भिजवला आणि चार वाजता कोथिंबिरीची काडी खाल्ली.

एक्स-रे ६००, औषधं ३४०. नऊशे चाळीस रुपये.

पुढे फ्युरोसेमाइड आणि पिमोबेंडन, दोन्ही वजनावर मोजून. हृदयाचा जोर वाढवणारं हे दुसरं औषध मुळात कुत्र्यांसाठीचं, म्हणून मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. कुत्र्याची उरलेली गोळी घरी तोडून देऊ नका. खाणं थांबलं तर एक दिवसही वाट बघू नका, यांची आतडी सतत चालू राहावी लागतात. मी गोळीखाद्य भिजवून सिरिंजने भरवत होते. झोपेत श्वास मोजत होते. मिनिटाला ४० ते १०० च्या आसपास ठीक, काजूचे पहिल्या दिवशी १४० होते. काजू त्यानंतर एकोणचाळीस दिवस जगला. ११ ऑक्टोबरला पहाटे गेला. हा आजार बरा होत नाही, औषधाने दिवस वाढतात, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, चौदा दिवस आधी आला असता तर हातात जास्त काही होतं. ते चौदा दिवस त्या माणसाने खाल्ले.

आता तक्रारीचं सांगते. ३ सप्टेंबरला पोलीस ठाण्यात गेले. समोरचा हवालदार कोकणीत म्हणाला, ‘हुंदराखातीर इतले पयशे?’ आणि शेजारचा हसला. मी एकवीस हजारांची फसवणूक नोंदवायला आले होते, उंदराचा पंचनामा करायला नाही. मग म्हणे सगळे चवथीच्या बंदोबस्तावर, विसर्जनं झाली की या. ८ तारखेला गेले तर खातं दुसऱ्या राज्यातलं, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी गुन्हा नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. मी कलम लिहून नेलं होतं. त्यांनी माझ्याकडून साधा अर्ज घेतला आणि पोच म्हणून झेरॉक्सवर शिक्का मारला. एफआयआर नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या कार्यालयात जायला सांगितलं, तिथे एका साहेबांनी रक्कम ऐकून फाइल मिटली. आमच्याकडे लाखांची प्रकरणं पडून आहेत, म्हणाले. माझ्या पगाराचा विचार करता हे लाखच आहेत, साहेब! मी दोन तास बाकावर बसून होते, पाणी विचारायलाही कोणी आलं नाही.

बँकेने नऊ दिवसांनी लिहून दिलं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले, आमची जबाबदारी नाही. पशुवैद्यकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला कळवलं, कारण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० नुसार नोंदणी नसलेल्याला हा व्यवसाय करता येत नाही. उत्तर आलं की या नावाची व्यक्ती आमच्या नोंदीत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर कारवाई करू शकत नाही. मी हे पत्र तीनदा वाचलं. नोंद नाही हाच तर गुन्हा आहे! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता असता तर मी तिथवर गेलेच नसते, थेट त्याच्या दारात गेले असते.

तुमचे पैसे गेले तर माझ्यासारखे चौदा दिवस घालवू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच काही हाती लागतं. आणि कोणी स्वतःला पशुवैद्य म्हणवत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक आणि राज्य विचारा. खरा डॉक्टर रागावत नाही. आमच्या म्हापशाच्या बाईंचा क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवर छापलेला आहे.

साखळीच्या बाईंना मी तो एक्स-रे दाखवला आणि त्यांच्याबरोबर म्हापशाला गेले. त्यांच्या गिनीपिगला न्यूमोनिया निघाला, हृदय व्यवस्थित आहे. ‘अहवाल’ मात्र त्यांनाही आला होता. ठोके ११०, मंद व कमजोर. आकडासुद्धा बदललेला नाही.

तुमच्याकडे पिवळ्या झाकणाची तशी बाटली आली असेल तर फेकू नका. बाटली, पाकीट, कुरिअरची पावती, क्यूआरवरचं नाव, सगळ्याचे फोटो काढून मला पाठवा. दोघींचं आम्ही एकत्र केलं आहे, तिसरं मिळालं तर त्याच ठाण्यात पुन्हा जाणार आहे.