बिल न झालेले तास: शीटमध्ये ठेवावेत की बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये?

ठोक फी ठरवून केलेल्या ऑडिटचे किंवा विवरणपत्राचे बिल करायला सहसा कोणी विसरत नाही. विसरले जाते ते त्याच्या अवतीभवतीचे काम: बँकेने कर्जासाठी अचानक मागितलेला सीएमए डेटा (व्यवसायाची मागची आणि अंदाजित आर्थिक आकडेवारी), जीएसटीच्या नोटिशीचे उत्तर, क्लायंटच्या मुलाने नवी कंपनी काढण्यापूर्वी फोनवर घेतलेला पाऊण तासाचा सल्ला. आमच्यासारखी पुष्कळ छोटी सीए कार्यालये स्वतःचे हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवतात, त्यामुळे केलेले पण बिलात न गेलेले काम ताळेबंदात कुठेच दिसत नाही आणि ते बुडाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

हे तास टिपून बिलांना जोडण्यासाठी आम्ही चार वर्षे सर्वांनी मिळून भरायची एक शीट वापरली आणि गेली दोन वर्षे बिलिंग सॉफ्टवेअरमधील टाइमशीट वापरत आहोत. मधल्या काळात मोबाइलवरील स्टॉपवॉचची अ‍ॅपही वापरून पाहिली, परंतु दिवसातून पंधरा फोन घेणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वेळी घड्याळ सुरू आणि बंद होत नाही, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नोंद करण्याच्या सोयीत शीट सरस आहे, हे मान्य करावे लागेल. आर्टिकल, म्हणजे सीएकडे काम शिकणारा उमेदवार, संध्याकाळी निघताना तारीख, क्लायंट, काम आणि वेळ भरतो व पाच मिनिटांत मोकळा होतो. सॉफ्टवेअरमध्ये आधी क्लायंट, मग प्रोजेक्ट, मग काम निवडावे लागते, आणि नवीन आलेला आर्टिकल पहिले दोन महिने सगळे काही ‘इतर’ या सदराखाली टाकतो.

शीटची दुसरी जमेची बाजू अधिक महत्त्वाची आहे. एकाच कुटुंबाची भागीदारी फर्म, खासगी कंपनी आणि एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असे तीन क्लायंट असतील, तर तीन तासांच्या बैठकीची ओळ फोडून वेळ तिघांत वाटता येतो. प्रत्यक्ष लागलेले पाच तास आणि आकारायचे तीन तास हेही दोन रकान्यांत शेजारी शेजारी राहतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र नोंद एक तर पूर्ण बिलात जाते किंवा मुळीच जात नाही. त्यामुळे वेळ कमी करून खरी नोंद बिघडवावी लागते, नाही तर बिलावर सूट दाखवावी लागते. एकदा दाखवलेली सूट पुढच्या वर्षी क्लायंट हक्काने मागतो, हा अनुभव बहुतेकांना असेल.

तरीही शीट आम्ही सोडली, आणि ती सोडण्यास तिच्यातला एकच रकाना कारणीभूत ठरला. तो रकाना ‘बिल क्रमांक’ हा होता. तो रिकामा असेल तर काम बिल व्हायचे आहे आणि भरलेला असेल तर झाले आहे, असा आमचा सरळ नियम होता, आणि बिल एकदा केले की ते बदलणार नाही असे गृहीत धरले तर तो निर्दोष होता. एका सप्टेंबरमध्ये आम्ही अशाच एका कुटुंबाच्या नोटिशीच्या कामाचे बिल सवयीने त्यांच्या भागीदारी फर्मच्या नावे केले. काम कंपनीचे होते, त्यामुळे कंपनीला इनपुट क्रेडिट (बिलावरील जीएसटीची वजावट) मिळणार नाही म्हणून क्लायंटने बिल बदलून मागितले, आणि ते योग्यच होते. अकाउंटंटने जुने बिल रद्द केले, नवे उद्या करू म्हणून ठेवले, आणि ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या धावपळीत तो उद्या आलाच नाही. शीटमधल्या तेवीस ओळींवर रद्द बिलाचा क्रमांक तसाच राहिला. मार्चमध्ये रिकाम्या रकान्यांचा फिल्टर लावला, तेव्हा साहजिकच त्या ओळी दिसल्या नाहीत. जूनमध्ये क्लायंटनेच विचारले, “साहेब, त्या नोटिशीचे बिल आले नाही का अजून?” एकोणीस तासांचे काम होते. सेवा पुरवल्यापासून ३० दिवसांत बीजक देण्याची मुदत तर केव्हाच उलटून गेली होती.

सॉफ्टवेअर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चाचणीपुरते एक बिल करून रद्द करून पाहिले आणि त्यातले तास आपोआप पुन्हा ‘बिल न झालेले’ या यादीत आले. माझ्यापुरता निर्णय तेथेच झाला. यालाही मर्यादा आहे. जीएसटीआर-१, म्हणजे केलेल्या बिलांचे जीएसटी विवरणपत्र, भरून झाल्यावर बिल रद्द न करता क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा करणारा दस्तऐवज) द्यावी लागते, आणि क्रेडिट नोटने तास मोकळे होत नाहीत. ते हातानेच उघडावे लागतात. आमच्याकडे असे वर्षातून दोन-तीनदाच घडते.

तीस दिवसांहून जुन्या कामाची यादी दोन्हीकडे काढता येते. शीटमध्ये आम्ही त्यासाठी सूत्र बसवले होते, पण कोणीतरी फक्त तारखांचाच रकाना क्रमाने लावला आणि सगळ्या ओळींची सरमिसळ झाली. आता दर महिन्याच्या ५ तारखेला, म्हणजे ११ तारखेच्या जीएसटीआर-१ च्या आधी, ती यादी छापून दोन्ही भागीदारांच्या टेबलावर ठेवली जाते.

जो एकटा प्रॅक्टिस करतो, वेळ स्वतः लिहितो आणि बिलही स्वतःच करतो, त्याने बहुधा शीट बदलण्याची घाई करू नये. रद्द बिलाचा क्रमांक त्याच्या डोक्यात असतो. वेळ एकाने लिहायची आणि बिल दुसऱ्याने करायचे अशी विभागणी असेल, तर मात्र माझे मत सॉफ्टवेअरच्या बाजूने पडेल. बदल करायचाच तर तो १ एप्रिलला करावा आणि जुनी सगळी शीट न आणता फक्त बिल व्हायच्या ओळी आणाव्यात. आम्ही एकसष्ट ओळी आणल्या, पण त्याआधी शीटमधला प्रत्येक बिल क्रमांक बिलांच्या फाइलशी ताडून पाहिला, आणि त्या जुळवणीत आणखी एक रद्द बिल सापडले.